प्रकल्प नोंदी: बाबांच्या एकतीस वह्या

८ मार्च २०२५, शनिवार

आजपासून सुरुवात. बाबांना जाऊन उद्या सात आठवडे होतील. काल आईने स्वतःहून त्यांचं कपाट उघडलं आणि खालच्या दोन खणांतल्या वह्या जेवणाच्या टेबलावर रचून ठेवल्या. एकतीस भरल्या. सगळ्या लाल कापडी बांधणीच्या, उभ्या, किराणा दुकानदार उधारी लिहितात तसल्या. अप्पा बळवंत चौकातल्या. पुण्याहून कुणी येणार असलं की बाबांसाठी अशा दोन वह्या आणायच्या, हे आमच्याकडे ठरलेलंच होतं.

एका पानावर एक सामना. पिट्सबर्ग पायरट्स या बेसबॉल संघाचा, १९७९ पासून २०२४ पर्यंत. पानाच्या डोक्यावर ‘श्री’, खाली तारीख, वरच्या अर्ध्यात पाहुणा संघ आणि खालच्या अर्ध्यात ‘आपले’. बाबा कधी पायरट्स म्हणाले नाहीत. ‘आपले काय करतायत?’ एवढंच विचारायचे.

काम असं ठरवलं: प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, मग तक्त्यात उतरवायचं, मग रेट्रोशीट या संकेतस्थळावर ताडून पाहायचं. तिथे स्वयंसेवकांनी जुने सामने एकेका फलंदाजापर्यंत उतरवून ठेवले आहेत, त्यामुळे पडताळणी होऊ शकेल. पानं अंदाजे ५,८००. रोज संध्याकाळी साठ फोटो झाले तर शंभर संध्याकाळी लागतील.

१५ मार्च

वही १. पहिलं काम लिपी समजून घेण्याचं.

बाबा पुण्यात क्लबच्या क्रिकेटचे स्कोअरर होते. इथे येऊन त्यांनी बेसबॉलची नोंद शिकून घेतली आणि ती देवनागरीत आणली. खेळाडूंचे आकडे जगभर चालतात तेच: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, शॉर्टस्टॉप ६, सेंटर फील्ड ८. म्हणजे ‘६-४-३’ हा दुहेरी बळी आणि ‘झे८’ म्हणजे सेंटर फील्डला झेल. स्ट्राइकआउटला अमेरिकेत ‘के’ लिहितात, बाबांनी ‘क’ केला. फलंदाज बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक बघत राहिला, तर इथले लोक ‘के’ उलटा काढतात. बाबांनी ‘क’ शेजारी एक उभा दंड दिला: क। हा उभाच राहिलेला माणूस. बघितल्याबरोबर कळतं.

समासात ‘ऐ.’ म्हणजे रेडिओवर ऐकलेला, ‘पा.’ म्हणजे पाहिलेला. तिसरी एक खूण आहे, ‘से.’. ती म्हणजे सेव्ह असणार, आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावावर लागतो तो. तसा रकाना केला.

२९ मार्च

१९७९ पूर्ण. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आई आणि मी इथे आलो, मी नऊ वर्षांची होते. बाबा वर्षभर आधी आले होते, मॉन नदीच्या काठच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर म्हणून. ऑक्टोबरात आपले बाल्टिमोरविरुद्ध १-३ असे मागे पडून शेवटचे तिन्ही सामने जिंकले आणि वर्ल्ड सीरीज, म्हणजे वर्षाचं अजिंक्यपद, घेऊन आले. १७ ऑक्टोबरच्या पानावर विली स्टार्जेलच्या होमरनचा चौकोन बाबांनी इतका दाबून भरलाय की मागच्या पानावर हाताला उंचवटा लागतो. आज डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं.

नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं होतं की इथे दरवर्षी असंच होत असेल. त्यानंतर आजपर्यंत आपल्यांनी वर्ल्ड सीरीज खेळलेलीही नाही.

५ एप्रिल

काल घरच्या मैदानावरचा हंगामातला पहिला सामना. यँकीजकडून ४-९. प्रेक्षक ‘संघ विकून टाका’ म्हणून ओरडत होते, रेडिओवर स्पष्ट ऐकू येत होतं.

वही ३१ मधली शेवटची बरीच पानं कोरी आहेत. आई म्हणाली, ‘त्यातच लिही की, कशाला वाया घालवायची.’ मला नाही जमलं. सुट्या कागदावर चार डाव लिहिले आणि पेन ठेवून दिलं. या वहीत आता दुसऱ्या हाताचं अक्षर येणं मला सहन होणार नाही.

१९ एप्रिल

‘से.’ जुळत नाही. १९८१ ते ८३ मध्ये बाबांनी ही खूण हरलेल्या सामन्यांवरसुद्धा केली आहे, आणि हरलेल्या संघाला सेव्ह मिळतच नाही. दोन रात्री मी रेट्रोशीटशी ताळा घालत बसले होते. शेवटी आईला विचारलं.

‘अगं, सेल! रेडिओचे सेल बदलले की लिहून ठेवायचे. मागच्या पायऱ्यांवर बसायचे ना, तिथे प्लग कुठे होता.’

रकान्याचं नाव बदललं. एक जोडी सरासरी एकोणीस सामने पुरायची. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘एवढेच? मला तर वाटायचं सारखे सेलच आणतोय आपण.’ त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. तिने चहा टाकला.

११ मे

गेल्या वर्षी याच तारखेला बाबा आणि मी पार्कात, आपल्यांच्या मैदानावर होतो. पॉल स्कीन्सचा पहिला सामना, शिकागो कब्जविरुद्ध. क्लेमेंटे पुलावरून चालत गेलो. सामन्याच्या दिवशी पूल गाड्यांना बंद असतो. मधोमध थांबून बाबांनी कठड्यावर हात ठेवला आणि समोर उजव्या बाजूच्या भिंतीकडे बोट केलं. ती २१ फूट उंच आहे, कारण रॉबर्टो क्लेमेंटेचा नंबर २१. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना १९७२ च्या शेवटच्या दिवशी क्लेमेंटेचं विमान समुद्रात पडलं, तेव्हा त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट होत्या. बाबांनी त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं, पण सांगताना ते नेहमी ‘आपला रॉबर्टो’ म्हणत.

त्या दिवसाचं पान आज पुन्हा उघडलं. स्कीन्सचे सात ‘क’, नीटनेटके. मग तो पाचव्या डावात बाहेर गेला आणि पुढच्या पिचरांनी तीनही बेस भरलेले असताना सहा जणांना चेंडू बाहेर टाकून फुकट बेस दिले. सहा धावा, बॅट न लागता. बाबांनी प्रत्येक चौकोनात ‘बॉ’ लिहिलंय, एकाखाली एक. मग पाऊस आला, दोन तासांवर खेळ थांबला. मी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालेपर्यंत सहाव्या रकान्यावर एक थेंब पडलाच. शाई एरंडाच्या पानासारखी पसरली आहे. बाबांनी डागाच्या शेजारून पुढचा डाव लिहिला. १०-९ जिंकलो. आम्ही शेवटपर्यंत बसलो होतो. त्यांचा पार्कातला तो शेवटचा सामना.

१९ मे

या महिन्यात मॅनेजर बदलला, नवा माणूस पिट्सबर्गचाच आहे. काल फिलाडेल्फियात स्कीन्सने एकट्याने पूर्ण सामना टाकला, एकच धाव दिली, आणि आपण ०-१ हरलो. बाबा असते तर म्हणाले असते, ‘हॅडिक्स आठवतो का?’ हार्वी हॅडिक्सने १९५९ मध्ये बारा डाव एकाही माणसाला बेसवर पोचू दिलं नव्हतं आणि तेराव्यात तो सामना हरला. बाबा तेव्हा पुण्यात शाळकरी होते. तरी हे ते घरातल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टीसारखं सांगायचे.

मी सुट्या कागदावर पूर्ण सामना लिहिला. या वर्षीचा पहिला पूर्ण.

१४ जून

१९८५ संपलं. या वर्षाबद्दल नीट लिहून ठेवायला हवं.

आपले त्या वर्षी ५७ जिंकले आणि १०४ हरले, लीगमध्ये सगळ्यांत वाईट. बाबांच्या वहीत त्या वर्षीचे १४३ सामने आहेत. इतके सामने दुसऱ्या कुठल्याही वर्षी नाहीत. मी आधी माझीच मोजणी चुकली म्हणून पुन्हा मोजलं.

कारण वहीतच आहे. त्या हंगामाच्या आधीच्या कोऱ्या पानावर फक्त ‘नोटीस’ एवढा एक शब्द. नदीकाठचे कारखाने तेव्हा एकामागून एक बंद होत होते, होमस्टेडचा अवाढव्य कारखाना पुढच्याच वर्षी बंद झाला. बाबा त्या वर्षी घरी होते. मी पंधरा वर्षांची होते, आणि मला सांगितलं गेलं होतं की बाबांची पाळी बदलली आहे. मी शाळेतून यायचे तेव्हा ते पायऱ्यांवर बसलेले असायचे, मांडीवर वही, शेजारी रेडिओ. मला तो चांगला उन्हाळा म्हणून आठवतो.

जुलैतलं एक पान: २-९ असा पराभव, दोन चुका, आणि समासात बारीक अक्षरात ‘पुण्यास पत्र. सर्व ठीक लिहिले.’ पुढच्या महिन्यात पुन्हा एक पराभव, समासात ‘पुण्यास पत्र. सर्व ठीक.’ असे सहा. सहाही पराभवांच्या पानांवर. मुद्दाम तसं होतं की रोजच हरत होते म्हणून, हे तक्त्यावरून ठरवता येत नाही.

आईला विचारलं, काकांना कधी कळलं? म्हणाली, ‘नोकरी लागल्यावर. मग दोन्ही एकदमच कळवलं.’

आज पुढे काही केलं नाही.

२८ जून

कामाची व्याप्ती कमी केली. एक सामना पूर्ण उतरवायला अर्धा तास लागतो. सगळे उतरवायचे तर माझी निवृत्ती येईल. आता सगळ्या पानांचे फोटो, तारीख, निकाल आणि समासातला शब्दन्‌शब्द, एवढं नक्की. पूर्ण उतरवणं फक्त निवडक वर्षांचं.

आणखी एक निर्णय: बाबांची नोंद आणि अधिकृत नोंद जिथे वेगळी, तिथे दोन्ही ठेवायच्या. हिट की चूक हे अधिकृत स्कोअरर नंतर बदलू शकतो, बाबा रेडिओवर ऐकलं ते लिहीत. त्यांच्या रकान्यात मी एक अक्षर दुरुस्त करणार नाही.

७ जुलै

गेल्या आठवड्यात आपण सेंट लुइसला तीन सामन्यांत एकही धाव करू दिली नाही: ७-०, १-०, ५-०. मग सिएटलला गेलो आणि तीन सामन्यांत एकही धाव केली नाही: ०-६, ०-१, ०-१. सहाही कागदांवर लिहिले. हे कुणाला तरी फोन करून सांगायला हवं होतं, आणि फोन हातात घेतल्यावर लक्षात आलं की तो नंबर आता आईकडे ड्रॉवरमध्ये बंद पडलेला आहे.

१९ जुलै

१९९२, १४ ऑक्टोबर. अटलांटा, सातवा सामना, जिंकलो असतो तर वर्ल्ड सीरीज. हे पान मी तीन दिवस टाळलं.

नवव्या डावापर्यंत २-० आपण पुढे. मग पेंडल्टनची हिट. मग जस्टिसचा साधा सरपटी चेंडू, आणि ‘चूक ४’: होझे लिंड, ज्याला त्याच वर्षी क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह मिळालं. मग सिड ब्रीमला ‘बॉ’. दोन बाद होईपर्यंत एक धाव गेली, मग कब्रेरा नावाचा राखीव खेळाडू आला, डावीकडे हिट मारली, जस्टिस आला आणि त्याच्या मागून ब्रीम, दुखऱ्या गुडघ्यांचा, लीगमधला सगळ्यांत हळू पळणाऱ्यांपैकी एक. आपल्या बाँड्सचा थ्रो किंचित उशिरा पोचला. २-३.

ब्रीमच्या चौकोनात दुसऱ्या बेसपासून तिसऱ्यापर्यंतची रेघ सरळ आहे. तिसऱ्यापासून घरापर्यंतची रेघ बाबांनी तीन तुकड्यांत काढली आहे, मध्ये पेन उचलून. पोचवली मात्र आहे. खाली एकच वाक्य: ‘ब्रीम आपलाच होता.’ दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो खरंच आपल्याकडे होता.

त्यानंतर १९९३ ते २०१२, सलग वीस वर्षं आपण जिंकल्यापेक्षा जास्त हरलो. अमेरिकेतल्या मोठ्या खेळांत इतकी लांब ओळ दुसऱ्या कुठल्या संघाची नाही.

२ ऑगस्ट

काल डेन्व्हरमध्ये पहिल्याच डावात आपण नऊ धावा केल्या. शेवटी १६-१७ हरलो, शेवटच्या चेंडूवरच्या होमरनने, या वर्षीच्या सगळ्यांत दुबळ्या संघाकडून. मध्यरात्र उलटली होती. कागद पुरला नाही, मागच्या बाजूला लिहिलं.

तेव्हा २०१० चं पान आठवलं, २२ एप्रिल, मिलवॉकी २०, आपले ०. उठून वही काढली. वीसच्या वीस चौकोन भरलेले, एकही घाईत नाही. चौथ्या डावातले भरले आहेत तसेच नवव्यातले. पराभवाचं पान म्हणून अक्षर कुठे ढिलं पडलेलं नाही. मी काल सोळाव्या धावेनंतर नुसत्या रेघा ओढल्या होत्या. आज सकाळी बसून त्या पुन्हा नीट काढल्या.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. या वर्षी घरात गणपती नाही. मंडळात मुलांची आरती घेऊन आले. फोटो पूर्ण झाले, ५,८२६ पानं.

वही २२ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांची कात्रणं चिकटवलेली आहेत. भालाफेक करणारी उत्तर प्रदेशातली दोन मुलं, बेसबॉल कधी न खेळलेली, २००८ च्या नोव्हेंबरात आपल्यांनी करारबद्ध केली. ती मुख्य संघापर्यंत पोचली नाहीत, पण बाबांनी पुढच्या हंगामाच्या पहिल्या पानावर ‘श्री’च्या खाली दोघांची नावं लिहून ठेवली आहेत.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

पहिल्या वर्षी पक्ष नसतो, आई म्हणाली. त्यामुळे आज करण्यासारखं काही नव्हतं. वेगळी काढून ठेवलेली पानं घेऊन बसले.

अकरा पानं आहेत, वेगवेगळ्या वह्यांत, बहुतेक हंगामाच्या शेवटी. तारीख नाही. समासात ‘ऐ.’ नाही, ‘पा.’ नाही, ‘भिं.’ आहे. सगळ्यांवर पाहुणे यँकीज आणि निकाल १०-९, आपले विजयी. आणि एकाही पानावर एकही ‘क’ नाही, दोन्ही बाजूंना. नऊ डावांत एकही स्ट्राइकआउट नाही, हे होत नाही. मला वाटलं, बाबांनी अर्धवट सोडलेली पानं असतील.

यादीत शोधलं. १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सीरीजचा सातवा सामना, फोर्ब्स फील्ड, म्हणजे पिट्सबर्गच्या ओकलंड भागातलं आपल्यांचं जुनं मैदान. एकही स्ट्राइकआउट नसलेला वर्ल्ड सीरीजमधला एकमेव सामना. बिल मॅझेरॉस्कीने शेवटच्या डावात होमरन मारून तो जिंकला. बाबा इथे यायच्या अठरा वर्षं आधी.

‘से.’ची चूक पुन्हा नको, म्हणून लगेच आईला विचारलं. म्हणाली, ‘भिं. काय ते माहीत नाही. पण ऑक्टोबरात एक दिवस दुपारचा पोळी-भाजीचा डबा घेऊन ओकलंडला जायचे. मला वाटायचं लायब्ररीत जातात. खुशीत यायचे घरी.’

भिंत. फोर्ब्स फील्ड कधीच पाडलं, पण बाहेरच्या बाजूची विटांची भिंत आणि झेंड्याचा खांब अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे खुर्च्या घेऊन जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ प्रक्षेपण पहिल्या चेंडूपासून ऐकतात. पूर्वी एकच माणूस टेपरेकॉर्डर घेऊन एकटा बसायचा. बाबा तिथे जायचे, आणि ठाऊक असलेला सामना दरवेळी कोऱ्या पानावर पहिल्यापासून लिहायचे.

अकराही पानं शेजारी-शेजारी मांडली. निकाल सोडला तर एकसारखं एकही नाही. एकात आठव्या डावात यँकीजच्या टोनी कुबेकच्या गळ्यावर उसळलेला चेंडू खड्यासारख्या छोट्या ठिपक्याने दाखवलाय, दुसऱ्यात नाही. एकात हॅल स्मिथच्या होमरनशेजारी तेलाचा डाग आहे. भाजीचा असणार.

२८ सप्टेंबर

हंगाम संपला. ७१ विजय, ९१ पराभव. स्कीन्स सगळ्या लीगमध्ये भारी, दर सामन्यामागे दोन धावासुद्धा दिल्या नाहीत, आणि त्याच्या नावावर दहा विजय, दहा पराभव.

तक्त्यात बेरजेची ओळ घालायची वेळ आली. एकूण किती जिंकले, किती हरले, दोन कळा दाबल्या की येईल. मग पाहिलं, बाबांच्या एकतीस वह्यांत कुठेही बेरीज नाही. वर्षाअखेरीस नाही, वहीच्या मागच्या पानावरही नाही. सेल किती चालले याचा हिशोब ठेवणारा माणूस. त्यांना बेरीज येत नव्हती असं तर नाही.

ओळ घातली नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी टाकली. आईने सकाळी पोळ्या केल्या, बटाट्याची कोरडी भाजी. पावणेबाराला निघालो, बोगद्याआधी गाड्या तुंबल्या होत्या, तरी एकच्या आत पोचलो. आईसाठी घडीची खुर्ची नेली होती. भिंतीवरच्या वेलीची पानं लाल झाली आहेत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या मांडीवरची लाल वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता खुर्ची सरकवून आईला उन्हात जागा करून दिली.

वही ३१. शेवटच्या लिहिलेल्या पानानंतरचं पहिलं कोरं पान. वर ‘श्री’ लिहिलं. समासात ‘भिं.’.

आई पहिल्यांदाच अख्खा सामना ऐकत होती. चौथ्या डावापर्यंत तिने चेंडूंचा हिशोब सोडून दिला आणि डबा उघडला. आठव्यात स्मिथच्या होमरनला सगळी माणसं उठून उभी राहिली, तीही राहिली. नवव्यात यँकीजनी दोन धावा करून बरोबरी साधली तेव्हा शेजारी कुणी हुं की चूं केलं नाही, सगळ्यांना पुढचं माहीत असून.

मी वरच्या अर्ध्याच्या शेवटी ९ लिहिला.

‘संपलं?’ आईने विचारलं.

‘नाही. आपल्यांचा डाव आहे अजून.’